बागेतला हुकमदार

ऐका. गोष्ट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, नाहीतर परत जाताना ज्याचं त्यानं बघावं.

बाळकू खाडे आपल्या खालच्या आळीचा. बायको अंजिरा शहरातल्या इस्पितळात. बाळंत झाली, पण रक्त जायचं थांबेना. डॉक्टरीण म्हणाली, रक्तपेढीतून बाटली आणा, आणि पळत आणा. अंधार पडलेला. बाटली पंच्यात गुंडाळून बाळकू निघाला. रस्त्यानं मोठा वळसा, बागेतून सरळ. शिरला की बागेत!

बागेच्या मधोमध लढाईचा खांब. पहिल्या मोठ्या लढाईत आपल्याकडची पोरं सातासमुद्रापार मेली ना, त्यांचा. गोऱ्यांनी पाटी लावली, तिच्यावर बादशहाचं नाव मोठं, पोरांची बारीक. स्वराज्य आलं, ती झाकून दुसरी लावली. मग नगरपालिकेनं त्यावर तिसरी ठोकली, कारंज्याच्या उद्घाटनाची. मेलेल्या पोरांची नावं राहिली सगळ्या पाट्यांच्या खाली. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

बाळकूनं खांब मागं टाकला. चालला, चालला, तर पुढं पुन्हा खांब. वाट बदलली. पुन्हा खांब. मग बागेतले दिवे गेले. मग, ऐका, त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. डावा, उजवा, डावा, उजवा, कवायतीसारखे पडायला लागले. खांबाकडंच.

अंधारातून आवाज आला, "हुकमदार?"

आता बघा, पलटणीतला पहारेकरी अंधारात इंग्रजीतून विचारायचा, हू कम्स देअर, म्हणजे कोण येतंय? आपल्या शिपायांच्या तोंडी त्याचं झालं हुकमदार. उत्तर द्यायचं, दोस्त. नाही दिलं तर गोळी. बाळकूला हे कुठलं ठाऊक? त्याला वाटलं, हुकूम देणारा कोण, असं विचारतोय. बाटली छातीशी धरून कसाबसा म्हणाला, "मीच."

खाडकन सलाम पडला. समोर कोवळा शिपाई. बुटांना परमुलखातला चिखल, अजून ओला.

"साहेब, पाट्या बदलल्या, पहारा कुणी बदलला नाही. लढाई संपली का?"

बाळकूच्या डोळ्यांपुढं अंजिरा होती. तरी नजर गेली ती पोराच्या ओल्या बुटांकडं. "संपली रे बाळा. हुकूम आहे. घरी जा."

शिपायानं बंदूक खांबाला टेकवली, आणि तिथं कुणीच नव्हतं. दिवे आले. पाय मोकळे झाले. बाळकू जो पळाला तो इस्पितळाच्या पायरीवरच थांबला. अंजिरा वाचली.

म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेला जाऊ नका. घरी गेला तो एकटाच शिपाई. बाकीचे अजून उभे आहेत. एकेकाला घरी धाडायची सवड असेल, त्यानंच जावं.