कड्याखालची शीळ

वाटाड्या : पण पिशवीत आणलंय तरी काय, वहिनी? पावलागणिक खडखडतंय. ह्या आवाजाला एक पक्षी जागेवर राहायचा नाही.

वहिनी : ताट आहे. आणि पळी.

वाटाड्या : ताट कशाला? सगळ्यांचा डबा मी घेतलाय की.

वहिनी : असू द्या, भाऊजी. टॉवेलात गुंडाळते, मग नाही वाजणार.

पाहुणे : राहू द्या हो, ताई पहिल्यांदाच येताहेत. माझ्या पहिल्या खेपेला ऐन वेळी माझा मोबाइल बोंबलला होता. घुबड उडालं ते उडालंच, आणि बाकीचे लोक माझ्याकडे असे बघत होते की मीच घुबड!

वाटाड्या : हळू. ओढा आला. तो पाहा, पाण्यातल्या दगडावर, निळाकाळा. शीळकरी कस्तूर.

पाहुणे : अहाहा! आमच्या शेजारचा मुलगा अंघोळीला गेला की अगदी अशीच शीळ घालतो. सूर निम्म्यात सोडून.

वाटाड्या : परवा तुम्ही कड्याखाली ऐकलीत ना, ती ह्याचीच. लोकांना वाटतं, माणूसच आहे. तेव्हा तिकडे उतरण्यात काही अर्थ नाही. वरच्या गवतातून जाऊ, चंडोल दाखवतो.

पाहुणे : ह्याची कशी असेल? तुम्हीच बजावलं होतं, ओढ्याचा पक्षी ओढ्यावर, गवताचा गवतात. वाहतं पाणी नाही तिथे कस्तूर शोधू नका म्हणून. आणि कड्याखाली तर पाण्याचा थेंब नाही.

वहिनी : कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, भाऊजी?

पाहुणे : माझं काही चुकलं का? काल स्वयंपाकघराच्या दारात मी आपलं सहज सांगितलं, की तुम्ही नव्हता म्हणून दुसऱ्या वाटाड्याबरोबर गेलो आणि अशी अशी शीळ ऐकली. वाजवूनही दाखवली. तर ताईंचं दूध उतू गेलं.

वहिनी : तुमचं काही चुकलं नाही. ती माझ्या यजमानांची शीळ. आधी हेच लोकांना पक्षी दाखवायला न्यायचे, भाऊजी तेव्हा दुकान बघायचे. गेल्या थंडीत धुक्यात कड्यावरून पाय घसरला ह्यांचा.

पाहुणे : अरेरे. आणि मी मूर्खासारखा... माफ करा, ताई.

वहिनी : माफी कसली? तुम्ही सांगितलंत तरी. घरचा माणूस तोंड शिवून बसला होता.

वाटाड्या : वहिनी, गवत निसरडं आहे. हात द्या.

वहिनी : हात देते, पण वाट बदलू नका.

वाटाड्या : नाही बदलत. ह्या उतारावर दादाला फार आवडायचं. म्हणायचा, झाडीत पक्षी ऐकावा आणि गवतात बघावा. मी सगळं त्याचंच बोलतो हो. पाहुण्यांना वाटतं, मला फार कळतं.

पाहुणे : मी जरा मागून येऊ का? तुम्हाला दोघांना...

वहिनी : या की बरोबर. तुम्हालाच विचारायचंय. माणसाची शीळ घालणारा पक्षी असतो का?

पाहुणे : असतो ना. भृंगराज. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला झुबके. नकला करण्यात एकदम पटाईत. मांजर काय, ससाणा काय! पण एकदा ऐकून नाही उचलत तो, पुन्हा पुन्हा कानावर पडावं लागतं. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी, असं तुमचे भाऊजीच... अहो, काय झालं? थांबलात का?

वाटाड्या : काही नाही. बुटात खडा गेला.

वहिनी : काढा खडा. मी थांबते.

वाटाड्या : वहिनी, ऐका माझं. परत फिरू.

वहिनी : घरच्या वळणावर हे कोणती शीळ घालायचे, आठवतंय?

वाटाड्या : दोन आखूड, एक लांब.

वहिनी : आणि मी खिडकीतून ताटावर पळी हाणायचे. ताट ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. पाऊस असो, ऊन असो, तिथेच उभे. मी कधी मुद्दाम उशीर करायचे, भांडण झालेलं असलं की. तर शीळ चालूच. सासूबाई म्हणायच्या, वाजव बाई एकदाचं, नाहीतर रात्र करील तो तिथे.

वाटाड्या : सगळ्या घराला तोंडपाठ आहे ते.

वहिनी : मग सांगा. ही घरची शीळ. जंगलात, लोकांसमोर हे कधी ती घालायचे?

वाटाड्या : कधीच नाही.

वहिनी : मग इथल्या पाखराला ती कोणी शिकवली?

(खालच्या झाडीतून शीळ येते. दोन आखूड, एक लांब. थोडं थांबून पुन्हा तीच.)

पाहुणे : मी कॅमेरा बंद केलाय. मी आहे इथेच, मागे.

वहिनी : श्वाससुद्धा तसाच घेतोय मध्ये. ऐकलंत?

वाटाड्या : मी उन्हाळ्यात ऐकलं पहिल्यांदा. तेव्हापासून एकाही माणसाला इकडे आणलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, जागच्या जागी गेला, काही कळलंसुद्धा नसेल त्याला. मीही तेच धरून बसलो होतो. मग हा ऐकला, आणि माझी झोप गेली ती गेलीच. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

वहिनी : म्हणजे पुष्कळ वेळ होते.

वाटाड्या : हो.

वहिनी : पाखराला पाठ होईपर्यंत.

वाटाड्या : वहिनी...

वहिनी : आणि मी धुकं आत येतंय म्हणून खिडकी लावून बसले होते. उशीर का झाला म्हणून मनात चिडत होते त्यांच्यावर.

वाटाड्या : खिडकी उघडी असती तरी इथून घरापर्यंत आवाज पोचत नाही. मधे अख्खा डोंगर आहे. मी स्वतः येऊन ओरडून बघितलंय, घरी माणूस बसवून. नाही पोचत.

वहिनी : त्यांना काय ते माहीत नव्हतं? ह्या डोंगरात जन्म गेला त्यांचा. तरी घालत राहिले.

वाटाड्या : रडा, वहिनी. तेव्हाही तुम्ही रडला नव्हतात.

वहिनी : नंतर रडेन. पिशवी द्या ती.

वाटाड्या : ताट? अहो, उडून जाईल तो. मग पुन्हा ह्या झाडीत बसेल न बसेल. एवढीच तर खूण उरलीय दादाची.

वहिनी : खूण तुमच्यासाठी. मला तर ते बोलावताहेत अजून. वर्ष होत आलं, भाऊजी, एकाच जागी उभे आहेत.

पाहुणे : द्या हो त्यांना.

वाटाड्या : घ्या. जपून, कडेला जाऊ नका. मी धरतो तुम्हाला.

वहिनी : धरा. पण जोरात वाजवू द्या. (ताटावर पळी हाणते.) ऐकलं हो! ऐकलं! या आता!

पाहुणे : केवढा घुमला आवाज. कड्यावरून परत आला.

वाटाड्या : उडाला नाही. तिथेच आहे, फांदीवर. बघतोय इकडे.

वहिनी : शीळ?

वाटाड्या : थांबली. गप्प झाला, वहिनी.

वहिनी : मग निघाले ते. चला, भाऊजी. त्यांच्याआधी घरी पोचायला हवं.