प्रत्येक दाराला वेगळी मूठ

हॅलो?… हो, मीच… बोला ना ताई… छे हो, झोपतेय कसली! भांडी गुंडाळतेय. अख्खं स्वयंपाकघर खोक्यांत भरलंय, पाय ठेवायला जागा नाही… हो… कुणाचा फोन आला तुम्हाला?… सुताराचा?

अस्सं! म्हणजे चहाडी करून झाली त्याची.

… नाही, चिडत नाही. पण काम आमच्या घरचं आणि फोन तुम्हाला?… हो, तुमच्याच माहितीतला आहे, तुमचं स्वयंपाकघर त्यानंच केलं. छानच केलंय, मी कधी नावं ठेवली का?… बरं, काय म्हणाला तरी काय?… "तुमच्या भावजयीचं डोकं फिरलंय"?… अच्छा, हे तुम्ही म्हणताय. तो नुसताच हसत होता. बरं बरं.

… हो, खरं आहे… नव्या कपाटांच्या प्रत्येक दाराला वेगळी मूठ, हो… चुकून नाही, मुद्दाम… एकाला गोल लाकडी, एकाला लांब दांडी, एकाला पितळी कडी, एकाला ती शिंपल्यासारखी… सुऱ्यांच्या खणाला चामड्याचा पट्टा… हसा की, मोकळेपणानं हसा… भंगारातून नाही आणल्या हो, चांगल्या दुकानातून घेतल्यात, एकेक निवडून. आणि मी नाही निवडल्या, तुमच्या भावानं निवडल्यात.

… काय?… थांबवलंय? म्हणजे फळ्या कापायचं थांबवलंय त्यानं?… "ताई हो म्हणतील तेव्हाच करवत लावतो"? अरे वा! घर कुणाचं, हो कुणाचा!… ताई, तुम्ही आता फोन ठेवा आणि त्याला सांगा, काप म्हणावं.

… नाही, पांढरी चकचकीत नकोत… तुमच्याकडे शोभतात, आमच्याकडे नकोत… बिनमुठीची तर मुळीच नकोत… ढकललं की उघडतात, माहितीये. न ढकलताही उघडतात! परवा तुमच्या ओट्याला मी नुसती टेकले तर मागचं कपाट आपोआप उघडलं. दचकून हातातला पेला सोडला मी, आठवतंय ना?… हां.

… वरची दारं? सरकती… नाही, बाहेर उघडणारं वर एकही नको… कळतंय मला, एका वेळी अर्धंच कपाट उघडं राहतं… मोठं पातेलं निघत नाही, हो… मग पातेली खाली ठेवू!… रंग? तेही सांगितलं का त्यानं?… पिवळा. लिंबाच्या सालीसारखा. आणि ओटा काळा… काय दिसेल?… गांधीलमाशीसारखं? दिसू दे.

… का म्हणजे? आवडतं आम्हाला… हल्ली तशी पद्धत आहे… कुणाकडे म्हणजे? एका मासिकात पाहिलं… नाव नाही आठवत… अहो, ही काय उलटतपासणी लावलीत!

… ऐका ना… अहो ताई, ऐका ना माझं… हो… हो… हो, घर काही रोज रोज होत नाही, पटतंय. पण दारं हीच होणार. वर सरकती, मुठी वेगळ्या, रंग पिवळा. आभाळ कोसळलं तरी.

… काय म्हणालात?… पुन्हा म्हणा.

… नाही, ऐकलं मी. मी ओट्यापाशी कधी उभी राहते, असंच ना?… बरोबर आहे. मला चहा येतो आणि करपलेला भात येतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तुमचा भाऊ स्वयंपाक करतो आणि दुसऱ्या कुणाला ओट्याला हात लावू देत नाही… म्हणूनच ताई. अहो, म्हणूनच तर!… त्यांच्या जागेत मी माझे चोचले घुसवतेय? मी?

… त्यांच्याशीच बोलणार? नका बोलू… आत्ता घरी नाहीत, पाव आणायला गेलेत. चूल बंद आहे ना… मोबाईलवर नका करू! रस्त्यात असतील… रस्ता ओलांडताना फोन काढला तर… ताई, नका करू म्हणतेय ना मी!

… ओरडले. चुकलं माझं… थांबा, दार लोटून घेते.

… हां. ताई, बसलाय का तुम्ही?… बसा आधी… नाही, जिवाला धोका नाही, तसलं काही नाही. पण बसा.

ह्यांना दिसेनासं होतंय.

… डोळ्यांना, हो… चष्म्यानं नाही जायचं ते… बाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि ती नळी बारीक होत चाललीय… दोन डॉक्टर झाले, दोघं तेच म्हणाले… नाही, थांबवता येत नाही. हळूहळू जाईल, काही वर्षं लागतील… हो, बहुतेक सगळंच जाईल.

… कपाळावरची खोक? न्हाणीघरात घसरले नव्हते ते. वरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, त्याची कड लागली. मीच उघडं ठेवलं होतं… गाडीही त्याचमुळे विकली. चालणं तब्येतीला बरं वगैरे सगळ्या थापा… आणि तुमच्याकडे त्या दिवशी हे पेला काढायला गेले आणि भिंत चाचपत बसले, आठवतंय? पांढऱ्या भिंतीत पांढरं दार. आपण सगळे पोट धरून हसलो, तेही हसले. घरी येताना जिन्यात मला म्हणाले, "ताईच्या घरी मला आता पाणीसुद्धा घेता येत नाही."

… हॅलो?… ताई?… आहात ना?

… रडा. रडून घ्या, मी आहे इथे.

… का नाही सांगितलं म्हणजे? शपथ घातली होती ह्यांनी, आत्ता मोडली मी… परकं समजून नाही हो, उलटच. म्हणाले, "ताईला कळलं तर ती मला खुर्चीत बसवून घास भरवेल. लहानपणी नुसतं अंग कोमट लागलं तरी पलंगावरून खाली उतरू द्यायची नाही."… बघा! लगेच म्हणालात, "आमच्याकडे आण त्याला."

नाही आणणार… स्वयंपाकाला बाईही नाही ठेवणार… भाजेल, कापेल, भीती मलाही वाटते ताई. ह्यांनी सुरी हातात घेतली की माझा जीव टांगणीला लागतो. तरी मी बाहेरच्या खोलीत दात आवळून बसून राहते. उठत नाही. कारण ह्यांच्या हातातली सुरी एकदा काढून घेतली ना, तर हे बसतील. आणि बसले की त्यांना उठवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही… मला आंधळा नवरा चालेल ताई. बसलेला नाही चालणार.

… हं… हं… घ्या, पाणी प्या थोडं.

… मुठी ना? कल्पना ह्यांचीच. दुकानात डोळे मिटून उभे राहिले आणि एकेक मूठ चाचपत सुटले. दुकानदाराला वाटलं ह्यांना चक्कर आली, खुर्ची घेऊन धावला बिचारा!… गोल म्हणजे चहा-साखर. दांडी म्हणजे धान्याचे डबे. कडी म्हणजे ताटल्या. चामडं लागलं की सुऱ्या, हात जपून… आत्ता दिसतंय तोवर हाताला ओळख करून द्यायची, म्हणजे पुढे हात आपोआप जाईल… पिवळा? काळ्यावर पिवळी कड त्यांना अजून नीट कळते. सगळ्या रंगांचे तुकडे मांडून, दिवा कमी करून पाहिले आम्ही… नाही दिसणार सुंदर. मला मान्य आहे.

… ऐका, दोन कामं करा माझी. सुताराला आत्ताच्या आत्ता सांगा, काप. कारण सांगू नका… "भावजयीपुढे कुणाचं काही चालत नाही" म्हणा, ते तर खरंच आहे… आणि दुसरं म्हणजे, तुम्हाला ह्यातलं काही माहीत नाही… अहो, माहीत नसल्यासारखंच वागायचं… कसं म्हणजे? नेहमी वागता तसं! डाफरा, नावं ठेवा… ते चिरायला बसले की सुरी घ्यायला उठायचं नाही… बोट कापलं तर पट्टी लावू. तुमचं नाही कापलं कधी?… आणि गोड बोलायचं नाही. तुम्ही गोड बोललात की त्याच क्षणी ओळखतील ते.

… जमेल. न जमून कसं चालेल!… थांबा, जिन्यात पावलं वाजतायत… आलेच. डोळे पुसले ना? घसा साफ करा… नाही ताई, आता माघार नाही.

अहो! ताईंचा फोन आहे… दारांवरून केव्हाच्या मला फाडून खातायत… त्या सुतारानंच सगळं सांगितलं… मी नाही आणखी उत्तरं देणार, दमले मी. तुमची बहीण, तुम्हीच समजवा. पाव इकडे द्या, हा घ्या फोन.

हॅलो? हां ताई, मी बोलतोय… पाव आणायला गेलो होतो… काय?… गांधीलमाशी?

… अगं, पण रंग माझ्या पसंतीचा आहे… मुठीही माझ्याच… हिला काय बोलतेस, हिचा काही संबंध नाही… ताई, हळू! कान फुटेल माझा… अक्कल ना? ती सगळी तुझ्याच वाट्याला आली, मला कुठून उरणार!

… आवाज का असा येतोय तुझा?… सर्दी? वाफ घे मग, ओरडत काय बसलीस.

… नाही, बदलणार नाही… काय? सुताराला "काप" म्हणतेस? मग एवढी भांडलीस कशाला!

… दारं बसली की? ये की, कधीही ये… जेवण मीच करणार, दुसरं कोण करणार?… काय?… मागच्या वेळी काय होता?

… कांदा? माझा कांदा जाड होता?… ताई, शुद्धीवर आहेस ना? सगळ्या घराण्यात माझ्यासारखा कांदा कुणी चिरत नाही, तूच सांगत फिरायचीस… हो का? समोर बसून बघणार? बस. पण मधेच उठायचं नाही, आधीच सांगून ठेवतो… हो, बारीक. केसासारखा. बघच तू… चल, ठेव.

जाड म्हणे!… अगं, ऐकलंस का? म्हणते, माझा कांदा जाड होता!… सुऱ्या कुठल्या खोक्यात भरल्यास? धार लावायला हवी… नको, तू बस. कुठलं खोकं तेवढं सांग, मी काढतो.