चार लाख प्रश्न आणि एक श्वास

...आणि वर मलाच विचारतात, "इल्वा, एवढी घाई कशाला केलीस?" घाई! अहो, पाच महिने त्या यंत्रावर पिवळा दिवा लुकलुकत होता, 'बॅटरी मेली, बॅटरी मेली' म्हणून बिचारा मुक्यानं ओरडत होता, आणि आमच्या संशोधन केंद्रातली माणसं रोज कॉफीचे मग हातात घेऊन त्याच्यासमोरून जात होती, आणि घाई कुणी केली? मी! तुम्हाला सांगते, या उत्तर स्वीडनमधल्या उमेओत एक वेळ जुलैत बर्फ पडेल, पण "हो, कर" एवढे दोन शब्द एका माणसाच्या तोंडून निघायचे नाहीत. हो कोण म्हणणार?

बॅटरीचं मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. आमचा साहेब टोर्बियर्न... साहेब कसला, सगळ्यांना 'तू' म्हणतो, स्वतःलाही 'तू' म्हणवून घेतो, फार समतावादी माणूस! तो म्हणाला, "छान मुद्दा आहे, इल्वा. बैठकीत घेऊ. सगळ्यांचं ऐकून घेऊ." घेतलं ऐकून! वेलचीचे बन आले, कॉफी आली. एक म्हणाला, बॅटरी घ्यायचीच तर निसर्गाला कमी त्रास देणारी घ्या, दुसरा म्हणाला, गेल्या वेळचे बन जास्त मऊ होते. ठरलं काय? पुढच्या बैठकीत ठरवायचं! पुढच्या बैठकीत काय ठरलं? मागच्या बैठकीत छान चर्चा झाली, असं ठरलं!

बरं, त्या यंत्रात होतं काय? चार कपाटं, सातशेवीस डिस्क आणि त्यात... मासे! हसू नका. माशांचे आवाज. आमच्या खाडीत लाके नावाचा मासा आहे. हनुवटीला एकच केस, चेहरा असा की आत्ताच कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन आलाय. बाकीचे मासे उन्हाची वाट बघतात, हा गडी ऐन थंडीत बर्फाखाली लग्न लावतो, आणि लावताना गुरगुरतो! आणि आमची गुनव्होर, वय बासष्ट, सव्वीस हिवाळे बर्फाला भोक पाडून, पाण्यात माइक सोडून ते गुरगुरणं ऐकत बसली. पायाची दोन बोटं थंडीत गेली तिची, मासा गेला नाही. आता बंदरवाल्यांना ती खाडी खणायची आहे. ते म्हणतात, "इथे कुठला मासा अंडी घालतोय?" वीस मार्चला सुनावणी. गुनव्होरनं सव्वीस वर्षांचे आवाज तारखांसकट पुढे ठेवायचे, की खाडी वाचली. इतकं साधं होतं हो!

आणि फेब्रुवारीत वीज गेली. किती वेळ? अकरा सेकंद! धड जांभईसुद्धा होत नाही तेवढ्यात. पण बॅटरी मेलेली, त्यामुळे यंत्र लिहिता लिहिता मध्येच कोसळलं, आणि फाइल सिस्टिम फाटली. फाइल सिस्टिम म्हणजे ग्रंथालयाची सूची समजा. पुस्तकं सगळी फळ्यांवर आहेत, पण कुठलं कुठे, कुणाचं, कधीचं, ते लिहिलेली पानंच अर्धी टरकावलेली!

मी तपासणीचा प्रोग्राम लावला. बोली अशी की, बाबा, नुसतं बघ, हात लावू नकोस. डिस्क एवढ्या की बघतच बसला. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस... आणि नवव्या दिवशी म्हणतो, मेमरी संपली! म्हणजे नऊ दिवस डोकं खाजवून सांगतो, माझ्या डोक्यात मावत नाही! मग विद्यापीठातून मेमरी उसनी आणली, पुन्हा पहिल्यापासून, आणखी अकरा दिवस! आणि शेवटी प्रश्न किती निघाले? चार लाख! "या तुकड्याचा मालक सापडत नाही. तोडू? हो की नाही?" "या फाइलीचं नाव जुळत नाही. काढू? हो की नाही?" एकेकाला उत्तर देत बसले तर माझी पेन्शन सुरू होईल. नाहीतर एकदाच सांगायचं, सगळ्याला हो. पण हो कोण म्हणणार?

तारीख चौदा मार्च. दुरुस्तीला पाच दिवस. म्हणजे आज, आत्ता! मी बैठकीत हात जोडले. टोर्बियर्न म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर, इल्वा... अर्थात सगळ्यांना विचारून." सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. गुनव्होर म्हणाली, "पोरी, मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मला तारखा तेवढ्या दे." बस्स!

मग मी यंत्राच्या कंपनीतल्या योस्टला फोन लावला, रॉटरडॅमला. आता एक सांगायला हवं. आम्ही उत्तरेकडची माणसं 'हो' असं म्हणतच नाही. ओठांचा चंबू करून श्वास आत ओढायचा, श्शुप्! झालं. हाच आमचा होकार. दुकानात श्शुप्, दवाखान्यात श्शुप्, चर्चमध्ये नवरी उभी राहते तीसुद्धा श्शुप्, आणि पाद्री पुढचं वाचायला लागतो!

मी म्हटलं, "योस्ट, दुरुस्ती लावते. सगळ्याला हो देते, चालेल ना?"

पलीकडून आलं, "श्शुप्!"

काय सांगू तुम्हाला! पाच महिन्यांत मला मिळालेला पहिला स्पष्ट होकार! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दाबलं बटण.

"थांब!" योस्ट किंचाळला. "सूचीची नक्कल काढून ठेवलीस का आधी?"

"नाही."

"मग नको! हात लावू नकोस!"

"अरे, पण तू हो म्हणालास!"

"मी? मी कधी? बाई, मी घाबरून श्वास घेतला!"

घाबरून! त्यांच्याकडे ज्यानं माणसं घाबरतात, त्यानं आमच्याकडे लग्नं लागतात, आणि हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नाही! मध्येच थांबवलं तर आणखी फाटेल, असं तोच म्हणाला. मग काय, पाच दिवस बघत बसले.

आणि वाचलं हो सगळं! एकूण एक आवाज वाचला. फक्त नावं गेली. एकोणीस लाख फाइली 'हरवले-सापडले' नावाच्या एका खणात, नावाच्या जागी नुसता आकडा. तेरा लाख चव्वेचाळीस हजार सत्तावीस! हे काय माशाचं नाव आहे? तारखा नावातच होत्या. आणि फाइलींवर शिल्लक राहिलेली तारीख कुठली? जुन्या यंत्रावरून सगळं इकडे उतरवलं, त्या दिवसाची! सगळ्यांवर एकच!

गुनव्होरनं काय केलं? कानाला हेडफोन लावून बसली. "हा अठ्ठ्याण्णवचा," म्हणाली, "तेव्हा बर्फ पातळ होता, ऐक, कसा चुरचुरतोय. आणि हा त्या वर्षीचा, बोटं गेली ना, तेव्हाचा. मागे रडतेय ती मीच." दीड दिवसात चाळीस ओळखले तिनं, नुसत्या कानानं! सुनावणीचा अधिकारी इतका सभ्य, इतका सभ्य की मारावंसं वाटलं. "आवाज फारच सुंदर आहेत," म्हणाला, "पण तारीख कशावरून?"

"मला ऐकू येते," गुनव्होर म्हणाली.

"कान परिशिष्टात जोडता येत नाही," तो म्हणाला.

एप्रिलात परवानगी निघाली. बंदराला होकार द्यायला बघा कुणाचाच श्वास अडला नाही! आणि आमची बैठक? "दोष कुणा एकाचा नाही," असं सर्वानुमते ठरलं. अहो, एका माणसानं कधी काही ठरवायचंच नाही म्हटलं, की दोष तरी कुणाचा असणार? मी ओरडले. टोर्बियर्न म्हणाला, "तुझ्या भावना आम्ही ऐकल्या, इल्वा." आणि बनची थाळी माझ्याकडे सरकवली.

परवा बंदरवाल्यांचं पत्र आलं, मोठं गोड. नव्या इमारतीच्या स्वागतकक्षात माशाचं गुरगुरणं लावायचं आहे, पाहुण्यांना आवडेल, कुठलंही एक पाठवा. गुनव्होरला विचारलं. ती म्हणाली, "पाठव. निदान कुणी तरी ऐकेल." पाठवलं. खाली पितळी पाटी लावणार आहेत, मजकूर मंजुरीसाठी आलाय. 'या खाडीतील माशाचा आवाज, इ. स. २०००च्या सुमारास.'

घ्या! त्यांच्याकडे 'सुमारास'सुद्धा चालतं.