दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव

नंदिनी : नाही, तुमचं लायसन टाकून झालं. आता कंपनीच्या फॉर्मात दुसऱ्या ड्रायव्हरचं मागताहेत. त्या जागी काय लिहू?

अश्वजित : देवेंद्रचं टाक ना. दर वेळेस त्याचंच तर टाकतो आपण.

नंदिनी : अहो, पण देवेंद्रभाऊ ट्रकमध्ये असतात कुठे? तुम्ही एकटेच जाता.

अश्वजित : कागदावर असतो ना! कंपनीला दोन नावं पाहिजेत, आपण दोन दिली. बात खतम.

नंदिनी : खतम कशी? पीथमपूर ते होसूर, साधारण चौदाशे किलोमीटर. कायद्यानं एका माणसानं दिवसाला आठच तास चालवायचं. घाट, टोल, शहरं धरून त्यात होतात तीनशे. म्हणजे पाच दिवस. आणि तुम्ही पार्टीला तीन सांगून बसलात.

अश्वजित : तीन त्यांनी सांगितले. मी फक्त हो म्हणालो.

नंदिनी : मालाचं ई-वे बिल सात दिवसांचं आहे. सरकारला घाई नाही, घाई तुम्हालाच!

अश्वजित : बीस साल झाले मला स्टेअरिंगवर. आजोबांनी महूला फौजेच्या गाड्या चालवल्या. तू मला रस्ता शिकवते? सेंधव्याचा घाट उतरायचा, धुळ्यात जेवायचं, कन्नडवरून सीधा...

नंदिनी : कन्नडचा घाट जड गाड्यांना बंद आहे.

अश्वजित : हां, तर नांदगावकडून फिरून जाईन.

नंदिनी : तो फेरा तीन दिवसांत बसवलात कुठे?

अश्वजित : थोडी झोप कमी करायची, और क्या.

नंदिनी : बरं. मग मागच्या खेपेला सोलापूरच्या पुढे काय झालं होतं, तेवढं सांगा.

अश्वजित : काय होणार? जाम होता.

नंदिनी : टोल कटला की मेसेज माझ्या फोनवर येतो. एक टोल दुपारी दोनला कटला. पुढचा साठ किलोमीटरवर, तो कटला सातला. त्याच दुपारी देवेंद्रभाऊ स्वतःचा ट्रक घेऊन तिथूनच गेले. मी विचारलं त्यांना. जाम नव्हता.

अश्वजित : तू माझी चौकशी करते?

नंदिनी : करते. पाच तास तुमचा फोन लागत नव्हता. मी फोन हातात घेऊन जिन्यात बसून होते. शेजारची बेबी विचारायला आली तर तिच्यावरच ओरडले. इतकी घाबरले होते मी.

(अश्वजित खुर्ची ओढून बसतो.)

अश्वजित : डोळा लागला होता. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, वरती दोन बाया बसलेल्या. मला काहीच दिसलं नाही. चाक खडीत उतरलं, खडखड झाली, तेव्हा जाग आली. या टेबलापासून त्या दारापर्यंत, बस इतकंच अंतर राहिलं होतं. मग गाडी बाजूला घेतली. फोन बंद करून तिथेच बसलो, चाबी परत फिरवायची हिंमत होईना.

नंदिनी : आणि मला बोलला नाहीत.

अश्वजित : बोललो असतो तर परत जाऊ दिलं असतं?

नंदिनी : पाच दिवसांत जाणार असता, तर दिलं असतं... थांबा, देवेंद्रभाऊंचाच फोन आहे. स्पीकरवर टाकते.

देवेंद्र : वहिनी, भिया आहे ना घरी? अश्वजित भिया, मजा आ गया! होसूरच्या मालाची दुसरी खेप मला मिळाली. आज तुझ्या मागेमागेच निघतो.

अश्वजित : अरे वा. दुसरा ड्रायव्हर कोण?

देवेंद्र : कोण म्हणजे? तूच! तुझा लायसन नंबर कधीच टाकून दिला. तू माझा टाकला ना?

नंदिनी : म्हणजे हे तुमच्या गाडीत झोपणार, तुम्ही ह्यांच्या गाडीत झोपणार. मग चालवणार कोण, भाऊ?

देवेंद्र : अरे वहिनी, कागद कोण बघतो!

नंदिनी : अपघात झाला की सगळे बघतात. विमावाले तर आधी तेच बघतात.

अश्वजित : देवेंद्र, तू शेवटचा पोटभर कधी झोपला होता?

देवेंद्र : ये क्या सवाल है?

अश्वजित : सांग तर.

देवेंद्र : परवा, बहुतेक. काल जयपूरहून आलो ना. चहा मारला की चालून जातं, भिया.

अश्वजित : नाही चालत. नंदिनी, माझ्या गाडीचं बुकिंग रद्द कर.

नंदिनी : पूर्ण खेप जाईल. ही पार्टी परत बोलावणार नाही, सांगून ठेवते.

अश्वजित : नाही बोलावलं तर नाही. देवेंद्र, तू माझा नंबर खोडू नको.

देवेंद्र : मतलब?

अश्वजित : मतलब मी येतोय. तुझ्या गाडीत. आठ तास तू, आठ तास मी. मग होतात तीन दिवस.

देवेंद्र : आणि तुझी गाडी उभी ठेवणार? तू स्वतः मालक, माझ्या बाजूला बसून जाणार? नाक्यावर लोक हसतील, भिया.

अश्वजित : हसू दे ना. कितीला निघायचं?

देवेंद्र : दोनला. परदेशीपुऱ्यातून उचलतो तुला. पहिली पाळी कोणाची?

अश्वजित : माझी. तू मागे झोप.

देवेंद्र : खरंच झोपू?

अश्वजित : झोप.