बाराव्या बाटलीचा वास

ता. १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.१०, पोलीस स्टेशन, मेडनहेड

मी, दीनानाथ गोविंद सबनीस, वय ७४, धंदा – आता काही नाही, पूर्वी पाणी कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट, राहणार – पहिला मजला, फर्नली कोर्ट, मेडनहेड, समक्ष हजर राहून सांगतो, की हा जबाब मी मराठीत देत आहे. इंग्रजी मला उत्तम येते. इथे विलायतेत एकेचाळीस वर्षे झाली. पण राग आला की मला मराठीच सुचते. दुभाष्या वैभवी मॅडम मी बोलेन तसे लिहून घेत आहेत.

वरील पत्त्यावर मी एकटाच राहतो. पत्नी श्यामला जानेवारी २०२१ मध्ये कोविडने वारली. मुलगा अंशुमन टोरांटोला असतो. तळमजल्यावर वरदा देशकर, वय अंदाजे २८, मूळची नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, ही भाड्याने राहते. मागच्या वर्षी मी जिन्यात पडलो, तेव्हापासून माझ्या फ्लॅटची एक चावी तिच्याकडे असते. ती मला काका म्हणते.

२०१३ साली मी व श्यामला गाडीने जर्मनीला गेलो असता ड्राय रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या बारा बाटल्या आणल्या. ड्राय म्हणजे गोडी न उरलेली. ही वाइन वर्षानुवर्षे ठेवली की तिला रॉकेलचा वास येऊ लागतो. तो दोष नव्हे, चांगली मुरल्याची खूण. साताऱ्यात रॉकेलच्या रांगेत उभी राहून वाढलेली श्यामला यावर पोट धरून हसली. "जन्मभर स्टोव्हच्या वासाला नाक मुरडलं, आता त्याच वासाची वाट बघा म्हणे!" असे ती म्हणाली. मग ठरले, की दरवर्षी १५ नोव्हेंबरला, लग्नाच्या वाढदिवशी, कोथिंबीर वडीबरोबर एक बाटली उघडायची आणि वास-चव वहीत लिहायची. नाक तिचे, अक्षर माझे.

वही सोबत आणली आहे. पहिली बाटली, २०१४: 'लिंबू. दात आंबले. अजून अल्लड.' सातवी, २०२०: 'मध आला, गोडी नाही. रॉकेल नाही. येईल, धीर धरा.' पुढच्या चार बाटल्यांपुढे 'वास कळला नाही' एवढेच आहे. कोविडमध्ये माझे नाक गेले ते गेलेच. आंबट तेवढे कळते, बाकी सगळे पाणी. दुसऱ्या कुणाला वास घ्यायला का बोलावले नाही, असे इथले कॉन्स्टेबल विचारतात. कुणाला बोलावणार? अंशुमन दर रविवारी फोन करतो. फोनवरून वास जात नाही.

शनिवारी, ता. १५ रोजी, दुपारी १ वाजता मी शेवटची, बारावी बाटली उघडली. दोन ग्लास भरले आणि दोन्ही श्यामलाच्या फोटोपुढे ठेवले. ही वाइन थोडा वेळ उघडी ठेवावी लागते. वड्यांना कोथिंबीर कमी पडली, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मोबाइल घरीच राहिला. १.५० ला परत आलो तो दारात पोलिसांची गाडी आणि अ‍ॅम्ब्युलन्स. किचनमध्ये वरदा रडत उभी. बाटली सिंकमध्ये आडवी, रिकामी. दोन्ही ग्लास धुतलेले.

मी तिला नको नको ते बोललो. "कुणी सांगितला होता हा आगाऊपणा? चालती हो!" असे म्हणालो, चावी हिसकावून घेतली आणि नुकसान केल्याची तक्रार तिथल्या तिथे दिली. ती काहीतरी सांगत होती. मी ऐकून घेतले नाही.

आज इथे मला तिचा जबाब वाचून दाखवला. त्यात ती म्हणते: "काकांचं पार्सल द्यायला वर गेले. बेल वाजवली, फोन केला, उत्तर नाही, म्हणून चावीने दार उघडलं. काका नव्हते. काकूंच्या फोटोला ताजा हार होता. पुढे दोन ग्लास. बाटली वाइनची, पण वास रॉकेलचा. अगदी स्वच्छ रॉकेल, आजीच्या घरी यायचा तसा. त्यांचा लग्नाचा वाढदिवस आहे हे मला माहीत होतं. काका स्वतःचं काही बरंवाईट करून घेतील अशी भीती वाटली. म्हणून सगळं ओतून दिलं आणि ९९९ ला फोन केला."

'अगदी स्वच्छ रॉकेल' हे वाक्य मी आणखी दोनदा वाचायला लावले. त्या वेळी मला रडू आले, हेही लिहावे असे मीच वैभवी मॅडमना सांगितले.

जीव देण्याचा माझा विचार नव्हता. वड्या तळण्याचा होता. वरदाविरुद्ध माझी आता काही तक्रार नाही. चावी आजच तिला परत देणार आहे. कोथिंबीर अजून बरी आहे, वड्याही करीन. येईल की नाही, तिची मर्जी. माझ्यासाठी कुणी रडावे, याची मला सवय राहिलेली नाही, म्हणून तोंड सुटले.

एकच विनंती. तिच्या जबाबातली ती ओळ मला कागदावर लिहून मिळावी. बाराव्या बाटलीपुढची जागा अजून कोरी आहे. नाक वरदाचे, अक्षर माझे.

वरचा मजकूर वैभवी मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच आहे. रागाचे शब्दही खोडू नयेत.

सही – दी. गो. सबनीस