‘जागा नाही’च्या पुढचा बाण

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आधी माफी मागतो. सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं होतं, काका, काय बोलणार ते आधी लिहून द्या. मी दिलं नाही. रोज कागद घेऊन बसायचो, रूथताईंचं नाव लिहायचो आणि थांबायचो. शेवटी हे आज सकाळी लिहिलं. गाझियाबादहून येताना, मेट्रोत, गुडघ्यावर कागद ठेवून. इतक्या उशिरा लिहिलं म्हणून रागावू नका. अक्षर हललंय. अडखळलो तर सांभाळून घ्या. शिक्षण माझं जेमतेम, आणि असं माईकसमोर कधी उभा राहिलेलो नाही. त्यात समोर त्यांचा फोटो. त्या फोटोकडे बघून बोलायचं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी गोविंद. करोल बागेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. आता करोल बागेतच, आपल्या मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या सांभाळतो. महाराष्ट्रातून इथल्या दवाखान्यांत पेशंट येतात, त्यांच्याबरोबर घरची माणसं येतात. ती त्या खोल्यांत उतरतात. चाव्या माझ्याकडे असतात.

साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता रूथताई गेल्या. परवा चर्चमध्ये प्रार्थना झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. त्यांच्याबद्दल मोठं मोठं बोलणारे इथं खूप आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे. एका चित्राची.

नोएडाच्या ऑफिसात त्या काय करायच्या, हे त्यांनी मला असं सांगितलं होतं. ‘काका, कुठलं काम कुणाकडून कुणाकडे जाणार, त्याचं मी चित्र काढते. चित्र नीट जमलं की काम त्या वाटेनं आपोआप चालायला लागतं.’ मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा चाललीय. चित्र कधी चालतं का?

मग एका रविवारी दुपारी त्या लॅपटॉप घेऊन मंडळात आल्या. थंडीचे दिवस. खिडकीतून ऊन माझ्या टेबलावर आलं होतं. म्हणाल्या, ‘तुमच्या खोल्यांचं चित्र काढू या. फोन, चिठ्ठ्या, दारात उभी माणसं, किती दिवस डोक्यात ठेवणार?’

लॅपटॉप उघडला. पांढरा पडदा, त्यावर बारीक बारीक ठिपके. मी म्हटलं, ‘ही तर रांगोळी.’

‘बिल्कुल रांगोळी. फक्त इथं बोटाला रंग लागत नाही.’

कडेला आकार ठेवलेले होते. बोटानं ओढायचे, ठिपक्यांवर आणून सोडायचे. एक बारीक गोल, काम तिथून सुरू. त्याला मी टिकली म्हटलं. जाड काठाचा गोल म्हणजे काम संपलं, ती बांगडी. चौकोनात काम लिहायचं आणि ते कुणी करायचं त्याचं नाव. तो डबा. आणि जिथं होय की नाही ठरतं तिथं एक तिरका चौकोन. त्याला काय म्हणायचं हे सांगायला कुणी लागलं नाही. शंकरपाळी! त्या इतक्या हसल्या. पुढं ऑफिसातही शंकरपाळीच म्हणायला लागल्या. इथं बसलेले त्यांचे सक्सेना साहेब मघाशी मला म्हणाले, ‘अंकल, हमारे यहाँ तो सब शंकरपाली ही बोलते हैं अब.’

तर चित्र सुरू झालं. टिकली, कुणीतरी खोली मागितली. बाण. डबा, गोविंदकाका मागणी बघणार. बाण. शंकरपाळी, जागा आहे का? होय, तर चावी. इथवर सोपं.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, ताई, मी झोपलेलो असलो तर? त्यांनी माझ्या डब्याच्या काठावर एक छोटं घड्याळ लावलं. मी उत्तर दिलं नाही तर निरोप पुढं जाणार. मी म्हटलं, पेशंटला जिना चढवत नसेल तर? आणखी एक शंकरपाळी. गाडी उशिरा आली तर? आणखी एक. बरोबर तान्हं मूल असेल तर, दूध कुठून आणायचं?

‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या काळज्यांना डबे नाही पुरायचे. गोदाम लागेल गोदाम.’

पण चिडल्या नाहीत. एकही काळजी वाऱ्यावर सोडली नाही. मी घाबरायचो आणि त्या चौकोन काढायच्या. आयुष्यभर लोक मला म्हणाले, गोविंद, उगाच घाबरू नकोस. या बाईंनी माझ्या प्रत्येक भीतीला एक जागा दिली, नाव दिलं, आणि तिथून बाहेर पडायला एक बाण दिला.

मग म्हणाल्या, ‘आता सोडते. बघा हं.’

टिकलीतून एक हिरवा ठिपका निघाला. हळूहळू रेषेवरून सरकत माझ्या डब्यात आला. थांबला. मला वाटलं, कुणीतरी माझ्या दारात येऊन उभं राहिलंय. हातात पिशवी, दवाखान्याची फाइल, आणि थकलेलं तोंड. मी विचारलं, ‘जेवलाय का तो?’

‘कोण?’

‘हा ठिपका.’

या वेळी रूथताई हसल्या नाहीत.

आता शंकरपाळीच्या दुसऱ्या टोकाचं सांगतो. जागा नाही, तर? तो बाण कुठं न्यायचा? मला बोट टेकवता येत होतं, तर मी म्हटलं, मी जोडतो. आणि मी तो बाण पुन्हा टिकलीला नेऊन जोडला. म्हणजे जागा नसेल तर त्यांनी पुन्हा विचारावं. दुकानात आम्ही असंच करायचो. आज माल नाही, उद्या या.

रूथताईंनी ठिपका सोडला. तो आला, शंकरपाळीपाशी वळला, परत टिकलीला गेला. पुन्हा आला, पुन्हा वळला. गोल गोल गोल. आधी मला मजा वाटली. मग बघवेना. मी म्हटलं, ‘ताई, थांबवा त्याला.’

त्यांनी थांबवलं. माझा बाण पुसला. मला वाटलं, आता सरळ बांगडीला जोडतील. जागा नाही, काम संपलं. सगळीकडे असंच असतं ना? त्यांच्या ऑफिसातही असंच असणार. पण त्यांनी तिथं एक नवा डबा आणून ठेवला. मी विचारलं, ‘यात नाव कुणाचं?’

‘माझं. मागची खोली रिकामीच असते.’

एवढंच बोलल्या आणि चहा विचारला.

मंडळी, आपण सगळे अभिमानानं सांगतो की आपल्या मंडळात कुणाला जागा नाही म्हणत नाहीत. अध्यक्षांच्या भाषणात असतं, गणपतीच्या कार्यक्रमात असतं. खरी गोष्ट अशी आहे की खोल्या भरतात. नेहमी भरतात. भरल्या की तो बाण इथं मयूर विहारला, रूथताईंच्या मागच्या खोलीत यायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचे यजमान, आपले विनयराव, तेही बोलले नाहीत. स्टेशनवरून आलेली माणसं त्यांच्या घरी वरणभात जेवायची आणि सकाळी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहायची. मी विचारायचो, ताई, त्रास होत नाही? म्हणायच्या, ‘काका, चलो, रिपोर्ट नॉर्मल आला त्यांचा,’ आणि विषय बदलायच्या.

ते चित्र मला अजून दिसतं. दुपारी टेबलाशी डोळा लागला की मी त्यात शिरतो. पायाखाली पांढरी जमीन, ठिपके ठिपके, आणि माणसं रेषांवरून सावकाश चाललेली. कुणाला घाई नाही. गाड्यांचा आवाज नाही, हॉर्न नाही. डबे घरांसारखे दिसतात, खिडक्यांत दिवे असतात. मी प्रत्येक वळणावर उभा राहून विचारतो, इकडून कुठं? आणि लोक बोट करतात, तिकडे, ताईंकडे. मीही निघतो. ऊन कोवळं असतं. चालताना वजन जाणवत नाही, गुडघे दुखत नाहीत. जाग येते तेव्हा चहा गार झालेला असतो.

आता जे सांगायला मी उभा राहिलो ते सांगतो.

त्या रविवारपासून खोल्यांची प्रत्येक मागणी त्या चित्रातूनच फिरते. रूथताई गेल्यावर त्यातलं त्यांचं खातं बंद झालं. त्यांच्या डब्यातलं नाव गेलं. तिथं आता लाल खूण आहे. यंत्राला नाव नसलेला डबा चालत नाही. सेक्रेटरी साहेब भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, ‘काका, तूर्त तो डबा काढून बाण सरळ शेवटाला जोडू. नंतर बघू.’ साहेब, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. मला फक्त ‘नंतर’ची भीती वाटते. एकदा बांगडीला जोडला की तो बाण परत कोण सोडवणार?

आणि त्या डब्यात एक मागणी थांबलेली आहे. किनवटचं एक जोडपं आहे. त्यांच्या लहान मुलीच्या हृदयाची तपासणी आहे इथं. परवा त्यांची गाडी निजामुद्दीनला लागते. आपल्या सगळ्या खोल्या भरल्यात. हॉटेल त्यांच्या आवाक्यातलं नाही. काल त्या मुलीच्या बापाचा फोन आला.

‘काका, येऊ ना आम्ही?’

मी चाव्यांचा खण उघडून पुन्हा एकदा बघितला.

‘काका, तुम्ही ऐकताय ना? नसेल जागा तर तसं सांगा. डॉक्टरांची तारीख पुन्हा मिळायची नाही, पण मग आम्ही तसं बघू.’

‘सांगतो,’ मी म्हटलं. ‘उद्या सांगतो.’

तो उद्या म्हणजे आज.

विनयराव, मी तुमच्याकडे बघून बोलत नाहीये. तुम्ही मला म्हणालात, काका, घराची चावी घ्या. पण तुम्ही आज रात्री बहिणीकडे पुण्याला चाललात, आणि जायलाच हवं. त्या घरात आत्ता चूल पेटायची नाही. तुमच्यावर हे ओझं टाकलं तर रूथताई मला रागावतील. मी बाकीच्यांना विचारतोय. या हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना.

मला देणगी नको. फलक नको. रूथताईंच्या नावानं व्याख्यान ठेवायचं असेल तर ठेवा, मी खुर्च्या मांडीन. मला त्या डब्यात लिहायला एक नाव हवंय. एकच नाव. कायमचं जमत नसेल तर या वेळेपुरतं.

आता आपण उभे राहू या. हळूच उठा, घाई नको. डोळे मिटा. रूथताईंसाठी थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. आणि त्या शांततेत प्रत्येकानं आपल्या घरातून एकदा फिरून यावं. मुलगा परदेशी गेल्यापासून बंद असलेली खोली. इस्त्रीचे कपडे आणि सुटकेसी ठेवायची खोली. दार लोटून आत बघा. तिथं तीन माणसं झोपू शकतील का, तेवढं बघा.

रूथताई, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

शांतता संपली की मी दाराशी उभा असेन. ज्यांना इथं बोलणं अवघड वाटेल त्यांनी घरी जाऊन विचारा, फोन करा, पण आज करा. अंधार पडायच्या आत करा. किनवटला तो माणूस फोन हातात धरून बसलाय. मला त्याला कळवायचंय. तुम्ही मला कळवा. लवकर कळवा.