कपाटाचे अठरा दिवस

मुलगी : एका कपाला सहा मिनिटं? बाबा, कप गुंडाळायचाय, तान्हं बाळ नाही.

बाबा : आत चुरगाळलेला कागद कोंबायचा, बाहेरून दोनदा गुंडाळायचा, चिकटपट्टी लावायची, खोक्यात उभा ठेवायचा. पाच मिनिटं वीस सेकंद. वर सूट.

मुलगी : कसली सूट?

बाबा : दमणुकीची. पाणी पिण्याची, हात धुण्याची. माणूस म्हणजे काही यंत्र नव्हे. कारखान्यात कुठल्याही कामाचा वेळ ठरवताना आम्ही ती धरायचोच.

मुलगी : आणि तरी कामगार तुम्हाला 'सेकंदकाटा' म्हणायचे.

बाबा : पाठीमागे म्हणायचे. समोर 'साहेब' म्हणायचे.

मुलगी : आई तर समोरच म्हणायची. ती इस्त्री करत असताना स्टॉपवॉच लावून उभे राहिला होतात ना तुम्ही एकदा? एका शर्टाला किती वेळ लागतो म्हणून?

बाबा : मुद्दाम हळू केली तिने. एका शर्टाला अर्धा तास. मग म्हणाली, साहेबांना हे काम लवकर जमत असेल तर साहेबांनीच करावं. महिनाभर मी केली इस्त्री.

मुलगी : महिनाभर कुठली, कायमचीच गळ्यात पडली तुमच्या. आणा तो तक्ता इकडे. हं. स्वयंपाकघर, सात तास. बाहेरची खोली, पाच. पुस्तकं, सहा. पलंग सोडवणं, दीड. माळा, साडेचार. एकूण... अहो, हे काय? एकूण एकवीस दिवस?

बाबा : एकवीस.

मुलगी : आज रविवार आहे, बाबा. ट्रक शुक्रवारी सकाळी दारात उभा राहणार. शनिवारी घराच्या किल्ल्या नव्या माणसांना द्यायच्यात. एकवीस दिवस मी आणू कुठून?

बाबा : मोजलं ते लिहिलं. फुगवून लिहायची सवय नाही मला.

मुलगी : खरं सांगा. तुम्हाला यायचं नाहीये का माझ्याकडे? तसं असेल तर आत्ताच सांगा. तिकडे दोन हजार किलोमीटरवर गेल्यावर तोंड पाडून बसू नका.

बाबा : यायचंय की. इथे एकटा काय करू? भिंतींशी बोलू?

मुलगी : बोलत असाल तुम्ही.

बाबा : थोडंसं. सकाळी.

मुलगी : मग हे एकवीस दिवस काय आहे? थांबा, मीच बेरीज करते. सात आणि पाच बारा, अठरा, साडेएकोणीस, चोवीस. चोवीस तास. दिवसाला आठ तास धरले तर तीन दिवस. उद्यापासून धरलं तरी बुधवारी संध्याकाळी आपण हात झटकून मोकळे! उरलेले अठरा दिवस कसले?

बाबा : शेवटची ओळ वाच.

मुलगी : शेवटची... आईचं कपाट.

बाबा : हो.

मुलगी : अठरा दिवस? एका कपाटाला?

बाबा : नमुना घेतला होता. कुठलंही काम मोजताना आधी नमुना घ्यायचा असतो. निळा स्वेटर घेतला. सकाळी नऊला बाहेर काढला. संध्याकाळी सहाला होता तिथे परत ठेवला. म्हणजे एका वस्तूला एक दिवस. कपाटात अठरा वस्तू आहेत.

मुलगी : बाबा...

बाबा : दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. एकाच नोंदीवर विसंबू नये. तोच वेळ आला.

मुलगी : नऊ ते सहा करत काय होतात तुम्ही?

बाबा : मांडीवर घेऊन बसलो होतो. कोपरापाशी उसवलाय, ते शिवायचं का तसाच बांधायचा, ते ठरेना.

मुलगी : बरं. हे बघा, असं करू. तुम्ही जरा बाहेर पाय मोकळे करून या. कपाट मी आवरते. तासाभरात होईल.

बाबा : नाही.

मुलगी : अहो, मी नीट करीन. काही टाकणार नाही.

बाबा : नको म्हटलं ना. तू कपाटाला हात लावायचा नाही.

मुलगी : का? माझी आई होती ती.

बाबा : मी कुठे नाही म्हणतोय?

मुलगी : मी उशिरा आले म्हणून ना? बोलून टाका एकदाचं. सहा महिने झाले, फोनवर तुम्ही हवा-पाण्याच्या गप्पा मारता आणि फोन ठेवता. सगळं उरकल्यावर आली आणि आता कपाट आवरायला निघाली, असंच मनात आहे ना तुमच्या?

बाबा : असं कोण म्हणालं?

मुलगी : कोणी म्हणत नाही, म्हणून तर जीव खातं ते.

बाबा : रडू नकोस. ठमे. ठमाबाई, पाणी पी.

मुलगी : नकोय मला पाणी.

बाबा : बरं, दोघं मिळून करू या. मी घडी घालतो, तू वेळ धर. माझी नोंद चुकलीही असेल. वय झालं की हात जड होतो.

मुलगी : चालेल. पण वेळ नीट धरायचा, तुमच्या पद्धतीने. स्टॉपवॉच कुठे आहे तुमचं?

बाबा : भिंतीवरचं घड्याळ आहे की.

मुलगी : सेकंदकाटेसाहेब आणि भिंतीवरचं घड्याळ? तुमच्या टेबलाच्या खणात असतं ना ते?

बाबा : अगं, राहू दे. मी आणतो स्वेटर, तू इथेच बस. भिंतीवरचंच बघ.

मुलगी : तुम्ही जा हो आत, स्वेटर आणा... सापडलं! कापसात काय गुंडाळून ठेवलंय, दागिना असल्यासारखं. आणि चालतंय का अजून? चार मिनिटं अकरा सेकंदांवर थांबलंय. हं, हे केलं शून्य. आणलात स्वेटर? ठेवा टेबलावर. एक, दोन... बाबा? बाबा, काय झालं? खाली का बसलात? छातीत दुखतंय का?



बाबा : किती म्हणालीस?

मुलगी : काय किती? अहो, डॉक्टरांना फोन करू का?

बाबा : छातीबितीत काही नाही. शून्य करायच्या आधी किती होतं, ते सांग.

मुलगी : चार मिनिटं. अकरा सेकंद. का? काही चुकलं का माझं?

बाबा : चुकलं असं नाही.

मुलगी : मग झालं काय? सांगा ना, बाबा.

बाबा : डॉक्टर म्हणाले होते, आता दोन श्वासांमधलं अंतर वाढत जाईल, तिकडे लक्ष ठेवा. मला दुसरं काय येतंय? घड्याळ घेऊन उशाशी बसलो. बारा सेकंद. वीस. मध्येच पंधरावर आलं, मला वाटलं सुधारतेय. मग चौतीस. श्वास सोडला की चालू करायचं, पुढचा घेतला की थांबवायचं. दुपारी दोनच्या सुमाराला तिने सोडला आणि मी चालू केलं.

मुलगी : आणि?

बाबा : चार मिनिटं अकरा सेकंद वाट पाहिली.

मुलगी : बाबा, मी... मला काय माहीत... मी शून्य केलं हो ते!

बाबा : पहिल्या मिनिटातच कळलं होतं मला. शेजारच्या वहिनीही म्हणाल्या, भाऊ, आता ठेवा ते खाली. पण थांबवलं की नोंद करावी लागते, ठमे.

मुलगी : मला तुम्ही सांगितलंत, झोपेत गेली.

बाबा : झोपेतच गेली. मीच तेवढा जागा होतो.

मुलगी : माझं नाव घेतलं होतं तिने?

बाबा : सकाळी. 'ठमी निघाली का?' म्हणाली. मी म्हटलं, निघाली.

मुलगी : मी कुठे निघाले होते तेव्हा? मी ऑफिसात होते, बाबा. मला वाटलं, अजून आठवडा आहे.

बाबा : तुला वाटलं नाही, मी सांगितलं होतं. सावकाश ये, आठवडा आहे, असं मी म्हणालो. डॉक्टर नव्हते म्हणाले. तो माझा अंदाज होता. एकोणतीस वर्षं लोकांच्या कामाला किती वेळ लागेल ते सांगत आलो मी, आणि एवढं एक सांगायचं होतं, तर दोन दिवस निघाले.

मुलगी : तुम्हाला काय ठाऊक असणार होतं?

बाबा : तुझा उशीर माझ्या खात्यावरचा आहे. फोनवर तेच सांगायचं असायचं. मग तोंडून हवा-पाणीच निघायचं.

मुलगी : म्हणून एकवीस दिवस लिहिलेत?

बाबा : या वेळी कमी पडू नयेत म्हणून.

मुलगी : आणि मी ते... तुम्ही इतकं जपून ठेवलेलं...

बाबा : कोणासाठी जपलं होतं? तुझ्यासाठीच. तू नव्हतीस, म्हणून आकडा तरी तुला दाखवावा, असं मनात होतं. कपाटाला हात लावू नको म्हटलं तेही त्यामुळेच. आधी हे सांगेन, मग दोघं कपाट उघडू, असं घोकत होतो गेले आठ दिवस. आज कपावरून विषय काढला, तो कपावरच राहिला.

मुलगी : आता काय दाखवणार? मी पुसून टाकलं.

बाबा : पण पाहिलंस ना तू?

मुलगी : पाहिलं.

बाबा : मोठा काटा अकरावर होता?

मुलगी : अकरावर. आणि छोटा चारच्या जरासा पुढे.

बाबा : बरोबर. झालं तर मग. आता दोघांना माहीत आहे. ऊठ, डोळे पूस. तो स्वेटर घे, चल आतल्या खोलीत.

मुलगी : हे घड्याळ कुठे ठेवू? परत कापसात?

बाबा : आण इकडे बरोबर. हे बघ, हा खालचा खण जरा अडकतो. त्याला वर उचलून ओढावं लागतं. तिला एका हाताने जमायचं.

मुलगी : थांबा, मी धरते एका बाजूने. हं, निघाला. अगंबाई, वास बघा बाबा. तिचा साबण.

बाबा : हो. म्हणून उघडत नव्हतो जास्त. उडून जाईल वाटायचं.

मुलगी : स्वेटर पहिला घेऊ?

बाबा : स्वेटर पहिला. तू बाह्या धर, मी खालून दुमडतो. असं नाही, आतल्या बाजूने. ती आतल्या बाजूने घालायची घडी.

मुलगी : अशी?

बाबा : अशी.

मुलगी : घड्याळ लावू का, बाबा?

बाबा : नको. खिशात राहू दे.